आपण स्वतःला ‘आदिवासी’ का म्हणवतो?

(पवनार इथं धाम नदीच्या काठी झालेल्या वनजमीन शिबिरात आमच्या तरुण गटानं केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलं आहे. सालं, तारखा तेवढ्या नंतर तपासून घातल्या. गावात बैठक घेऊन मोठ्यानं वाचावं, ही विनंती.)



सगाजनहो, मायबायांनो, दादांनो,

काल रात्री जेवणं झाल्यावर एका म्हाताऱ्या आईनं आम्हांला विचारलं, “पटवारी मले अनुसूचित जमात म्हणते. नाकेदार अतिक्रमणवाली म्हणते. तुमी पोरं आदिवासी म्हणता. कोनी येऊन वनवासी म्हणते. आन् आता हे मूलनिवासी नवीन निघालं. मानूस एक आन् नावं पाच. मले सांगा बाप्पा, म्या कोन?”

आम्ही पोरं बारावीपर्यंत शिकलेली, अर्ज लिहिणारी. पण आम्हांला चटकन उत्तर देता आलं नाही. मग रात्री बसून आपसांत बोललो, जवळची कात्रणं आणि पुस्तकं काढली. आज जे बोलतो आहोत ते त्या आईला उत्तर आहे.

आधी सांगतो की हा नुसता शब्दांचा खेळ नाही. मागच्या उन्हाळ्यात आमच्या गावच्या एका आजोबांना घेऊन आम्ही एका सरकारी कचेरीत गेलो होतो. जमिनीचा अर्ज होता. टेबलामागच्या बाबूनं विचारलं, “तुम्ही मूळचे कुठले?” आजोबा म्हणाले, “इथलेच.” बाबू म्हणाला, “ते झालं. पण इथं कधी आलात?” आजोबा आमच्याकडे बघत राहिले. आलो कधी? ते आलेच नव्हते. त्यांचा बाप तिथंच, आजा तिथंच, पेनठाणा तिथंच. बाबूनं दोन मिनिटं वाट पाहिली आणि ‘आले कधी’ या रकान्यात एक साल टाकून दिलं. नाकेदारानं पहिला दंड केला होता, ते साल. म्हणजे दंडाची पावती फाटली त्या दिवशी आजोबांचा जन्म झाला असं सरकारी कागद म्हणतो. त्याआधीचं त्यांचं वावर, त्यांची मोहाची झाडं, त्यांच्या मायबापांची माती, कशाचीच नोंद नाही.

म्हणून शब्द नीट समजून घ्यावा लागतो. ज्या शब्दानं आपल्याला कागदावर लिहितात, त्याच शब्दानं जमीन राहते किंवा जाते.

पहिली गोष्ट ही, की ‘आदिवासी’ हा शब्द आपल्या कुठल्याच भाषेतला नाही. ‘आदि’ म्हणजे सुरुवातीचा, ‘वासी’ म्हणजे राहणारा. दोन्ही तुकडे संस्कृतातले. गोंडीत तो नाही, कोलामीत नाही, कोरकूतही नाही. गोंड माणूस आपल्या भाषेत स्वतःला कोयतूर म्हणतो. मेळघाटातले कोरकू घ्या. त्यांच्या भाषेत ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ लावलं की अनेक. म्हणजे कोरकू म्हणजे माणसं. दूर झारखंडकडं मुंडा लोक स्वतःला ‘होडो’ म्हणतात, त्याचाही अर्थ माणूसच. आपल्या बापजाद्यांना ‘आम्ही पहिले’ असं सांगायची गरज पडली नाही. ‘आम्ही माणसं’ एवढं पुरत होतं.

पहिलं कोण, दुसरं कोण, हा सवाल दुसरा कोणी येऊन उभा राहिला तेव्हा निघाला. आणि जो आला त्यानं आपल्याला नावं ठेवली. रानटी म्हणाला, जंगली म्हणाला. काथ काढणाऱ्यांना कातकरी म्हणाला. दक्षिण गुजरातेत तर सगळ्यांना मिळून ‘काळीपरज’ म्हणत, म्हणजे काळी प्रजा. इंग्रज सरकार दर दहा वर्षांनी शिरगणती करी. १९०१ आणि १९११ साली त्यांनी आपल्या देवाधर्मासाठी एक रकाना केला. त्याचा अर्थ असा की ही माणसं झाडाधोंड्यांत जीव आहे असं मानतात. १९३१ साली नाव बदललं आणि ‘आदिम जमाती’ झालं. आदिम म्हणजे सुधारणेच्या मागं राहिलेले. ‘आदिम’ आणि ‘आदिवासी’ कानाला सारखे लागतात, पण दोन्हींत फरक आहे. आदिम म्हटलं की माणसाला कमी लेखलं. आदिवासी म्हटलं की त्याचा जागेशी संबंध सांगितला. अर्ज लिहिताना हा फरक विसरू नका.

आता हा आदिवासी शब्द आला कुठून?

आपण बसलो आहोत तिथून सेवाग्राम काही कोसांवर आहे. तिथं राहणाऱ्या गांधीजींनी ‘रचनात्मक कार्यक्रम’ नावाची छोटी पुस्तिका लिहिली. १९४५ साली त्यांनी ती सुधारून छापली, तेव्हा त्यात सोळाव्या क्रमांकावर आदिवासींची सेवा हे काम घातलं. तिथं त्यांनी स्पष्ट सांगितलं आहे की हा शब्द घडवलेला आहे. गुजरातेतल्या काळीपरज लोकांना ‘रानीपरज’ हे नवं नाव मिळालं, ते त्यांच्या समजुतीप्रमाणे जुगतरामभाई दवे यांनी घडवलं. आणि भिल्ल, गोंड वगैरे सगळ्यांसाठी ‘आदिवासी’ हा शब्द ठक्करबाप्पांनी घडवला असावा, असं त्यांचं मत होतं. ठक्करबाप्पा म्हणजे १९२२ साली दाहोदला भिल्ल सेवा मंडळ काढणारे.

आम्हांला ठक्करबाप्पांबद्दल आदर आहे. काळीपरज म्हणण्यापेक्षा आदिवासी म्हणणारा माणूस हजारपट चांगला. पण गोष्ट एवढीच सांगून थांबली तर असं वाटेल, की हे नावही आपल्याला कोणी दयाळू माणसानं दिलं. तसं नाही. त्याच काळात, १९३८ साली, रांचीकडे उरांव, मुंडा, हो, संथाळ, खडिया अशा वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या जमाती एकत्र आल्या आणि त्यांनी ‘आदिवासी महासभा’ काढली. पुढच्याच वर्षी जयपालसिंग मुंडा तिचे अध्यक्ष झाले. हे तेच जयपालसिंग, १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकात सुवर्णपदक जिंकणाऱ्या हॉकी संघाचे कप्तान. उरांव माणसाला मुंडा म्हणून चालत नाही आणि मुंड्याला संथाळ म्हणून चालत नाही. सगळ्यांना मिळून एक नाव पाहिजे होतं. ते त्यांनी घेतलं, आपल्या सभेच्या माथ्यावर लावलं आणि त्या नावानं जमीन मागितली.

म्हणून आम्ही म्हणतो की शब्द घडवला कोणी, हा पंडितांचा वाद आहे. घेतला कोणी आणि कशासाठी घेतला, हे आपल्या कामाचं. आदिवासी हा शब्द फार जुना नाही.  माणसं जुनी, शब्द नवा. यात लाजायचं काही नाही. जुनी माणसं एकत्र उभी राहिली तेव्हा त्यांना नवा शब्द लागला.

आणि शब्दाशिवायही लढाई होतेच. रांचीत महासभा भरत होती त्याच सुमारास, चंद्रपूरच्या सीमेपलीकडे आदिलाबादच्या जंगलात कोमुरम भीम जोडेघाटला आपल्या गोंड आणि कोलाम लोकांची जमीन वाचवायला निजामाशी लढत होता. १९४० साली तो मारला गेला. मागणी एकच होती, की हे रान आम्ही साफ केलं, इथं आम्ही राहतो, इथून आम्हांला उठवू नका.

पुढं देश स्वतंत्र व्हायची वेळ आली आणि घटना समिती बसली. डिसेंबर १९४६ मध्ये जयपालसिंग तिथं उभे राहिले आणि म्हणाले की मला जंगली म्हणतात, त्याचा मला अभिमान आहे. लोकशाही तुम्ही आदिवासींना काय शिकवणार, ती तुम्हीच त्यांच्याकडून शिकायला पाहिजे, असंही त्यांनी सुनावलं. घटनेत आदिवासी हाच शब्द यावा असा त्यांचा आग्रह होता.

तो आला नाही. डिसेंबर १९४८ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचं कारण सांगितलं. त्यांचं म्हणणं असं की आदिवासी हा मोघम शब्द आहे, त्याला कायद्यात पक्का अर्थ नाही, त्यात कोणीही कोणालाही घालेल. उलट अनुसूचित जमात म्हटलं की जमातींची नावं यादीत लिहिलेली असतात, त्यामुळं कोर्टात वाद आला तर निकाल लागतो.

बाबासाहेबांचं कारण खोटं नव्हतं. हक्क कोर्टात टिकायचा तर यादी लागते, हे आपण रोज अनुभवतो. खोटे दाखले काढून आपल्या जागा खाणारे लोक आहेत, त्यांना अडवायला यादीच कामी येते. पण यादी करणं एक आणि यादी कशी केली हे दुसरं. इथं आपल्या वर्धा जिल्ह्याचीच गोष्ट ऐका. ती आपल्या पोरांनाही माहीत नसते.

आपल्या विदर्भासाठी यादी केली तेव्हा तिच्यात नुसतं ‘गोंड’ लिहिलं नव्हतं. पुढं तालुके लिहिले होते. अमरावती जिल्ह्यात मेळघाट. चांदा जिल्ह्यात गडचिरोली आणि सिरोंचा. यवतमाळ जिल्ह्यात केळापूर, वणी आणि यवतमाळ. बस. वर्धा जिल्ह्याचं नावच नाही. म्हणजे वर्धा नदीच्या पलीकडे केळापुरात राहणारा गोंड हा राष्ट्रपतींच्या यादीतला, आणि अलीकडे वर्धा जिल्ह्यात राहणारा त्याचा सख्खा भाऊ यादीबाहेर. केळापूरची पोरगी लग्न करून नदी उतरली की तिची लेकरं यादीतून गेली. देव तेच, गोत्र तेच, बोली तीच. नदी ओलांडली की जमात संपते, हे कोणत्या भूमकानं सांगितलं होतं?

ही तालुक्याची अट १९७६ साली संसदेनं कायदा करून काढली. १९७७ पासून ती सुटली. मग काय झालं पाहा. १९७१ च्या शिरगणतीत महाराष्ट्रात अनुसूचित जमातीचे लोक सुमारे साडेएकोणतीस लाख होते. १९८१ ला ते पावणेअठ्ठावन्न लाखांच्या आसपास झाले. दहा वर्षांत दुप्पट. एवढी लेकरं काय एकदम जन्मली? काही खोटे दाखलेवाले शिरले, हे खरं. पण लाखो माणसं अशी होती की ती आधीपासून होतीच. फक्त सरकारच्या कागदाला ती दिसत नव्हती.

यातून आम्ही एक गोष्ट शिकलो. ‘अनुसूचित जमात’ हे सरकारनं आपल्याला दिलेलं नाव. ते आज आहे, उद्या संसदेच्या एका कायद्यानं बदलू शकतं. ते जरूर घ्या, दाखला काढा, शिष्यवृत्ती घ्या, राखीव जागा लढवा. पण आपण कोण हे त्या यादीवरून ठरवू नका. यादीत नव्हतो तेव्हाही आपण होतोच.

आता वनवासी. जशपूरला १९५२ साली वनवासी कल्याण आश्रम निघाला तेव्हापासून हा शब्द गावोगाव फिरतो आहे. त्यांची वसतिगृहं आहेत, दवाखाने आहेत, आपली लेकरं तिथं शिकतात. शिकू द्या. पण शब्दाचा अर्थ विचारा. वनवासी म्हणजे वनात राहणारा. कधीपासून राहणारा, हे त्यात नाही. कोणाच्या हक्कानं, हेही नाही. पुराणात राजपुत्रही वनवासात जातात आणि चौदा वर्षांनी परत येतात. आपण वनवासाला आलेलो नाही, आपलं परत जायचं दुसरं घर नाही. शिवाय धरणाखाली गाव गेलं, अभयारण्यासाठी उठवलं आणि आपण सडकेच्या काठी येऊन राहिलो, की वनवासी हे नावही गेलं. वन गेलं की वनवासी संपला. आदिवासी मात्र वन हिसकावल्यावरही आदिवासीच राहतो आणि ‘माझं वन परत द्या’ म्हणू शकतो. समाजशास्त्राचे मोठे प्राध्यापक घुर्ये यांनी १९४३ साली पुस्तक लिहून सांगितलं की ही माणसं मूळची वेगळी कोणी नाहीत, मागासलेले हिंदू आहेत. धर्माचा वाद आज इथं करायचा नाही. ज्याला जो देव पुजायचा तो पुजो. पण आपण मागासलेले आहोत एवढंच म्हटलं की उपाय काय निघतो? शाळा, दवाखाना, कर्ज, कोंबड्या. आपण इथले आहोत म्हटलं की उपाय निघतो जमीन. म्हणून पहिलं म्हणणं अनेकांना आवडतं आणि दुसरं आवडत नाही.

आता मूलनिवासी. १९९३ हे साल संयुक्त राष्ट्रसंघानं जगातल्या मूलनिवासी लोकांचं वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. कोलंबस अमेरिकेत उतरला त्याला १९९२ साली पाचशे वर्षं झाली. त्याच वर्षी ग्वाटेमाला देशातल्या माया जमातीच्या रिगोबेर्ता मेंचू या बाईंना शांततेचं नोबेल मिळालं. आपल्यासारख्याच जमिनीच्या लढाईत त्यांच्या घरची माणसं मारली गेली. तिकडं गोष्ट सोपी आहे, गोरे जहाजातून आले ते साल ठाऊक आहे. आपल्या देशात तसं नाही. इथं हजारो वर्षं लोक येत राहिले, मिसळत राहिले. म्हणून आपलं सरकार परदेशातल्या सभांमध्ये सांगतं की भारतात सगळेच मूलनिवासी आहेत, हा प्रश्न आमच्याकडे लागू होत नाही.

यावर काही जण चिडून म्हणतात की सिद्ध करू, आम्ही पाच हजार वर्षांपूर्वीचे. आमचं म्हणणं असं की त्या शर्यतीत पडू नका.

याच गावाचं उदाहरण घ्या. विनोबांच्या आश्रमात आपण सगळे जाऊन आलो. तिथं जमीन खणताना निघालेल्या जुन्या मूर्ती ठेवल्या आहेत. त्यात राम आणि भरताच्या भेटीची शिळा आहे. नागपूरचे डॉ. वा. वि. मिराशी यांनी सांगितलं की पवनार म्हणजे वाकाटक राजांचं प्रवरपूर. काल आमच्यातला एक जण म्हणाला, माडिया बोलीत ‘नार’ म्हणजे गाव, मग पवनार हे आपलंच गाव! सगळे हसलो. नाव कानाला जुळलं म्हणून गाव आपलं, असं आपण म्हणणार नाही. तसं केलं तर जमिनीतून मूर्ती निघाली म्हणून जागा माझी, असं म्हणणाऱ्यांत आणि आपल्यात फरक काय राहिला? आणि त्या शर्यतीत आपण हरणारच. राजांनी दगडात देऊळ बांधलं, तांब्याच्या पत्र्यावर दान लिहिलं. आपण कुडाची घरं बांधली, ती माती होऊन मातीत गेली. दगडालाच पुरावा मानलं तर राहणारा हरतो आणि राज्य करणारा जिंकतो.

मग ‘आदि’ याचा अर्थ कसा घ्यायचा? सगाजनहो, या भाषणातलं मुख्य म्हणणं हेच आहे. आदि म्हणजे जगाच्या सुरुवातीपासून नाही. आदि म्हणजे ‘आधी’. कशाच्या आधी? ज्या कायद्यानं आपल्याला चोर ठरवलं, त्या कायद्याच्या आधी.

हे मोजता येतं. याला साल आहे. इंग्रजांचा पहिला जंगल कायदा १८६५ चा, दुसरा १८७८ चा, आणि आज नाकेदार ज्याच्यावर बोट ठेवतो तो १९२७ चा. नागपूरचं भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं ते १८५३-५४ मध्ये. वर्धा जिल्हाच मुळी १८६२ साली झाला, त्याआधी हा भाग नागपूर जिल्ह्यात होता. नागपूर शहर वसवलं ते देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंदनं. इंग्रजांनी इथं मालगुजार नेमले, गावंच्या गावं त्यांच्या नावानं केली. १९५१ साली मालगुजारी गेली. मालगुजाराचं जंगल सरकारजमा झालं आणि पुढं फारेस्टच्या हातात गेलं. तेव्हा वर्धा मध्य प्रदेशात होता. १९५६ ला मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्रात. बघा, आपली गावं जागची हलली नाहीत. त्यांच्यावरून राजा गेला, कंपनी गेली, मालगुजार गेला, तीन राज्यं गेली. मग ‘इथं कधी आलात’ हा सवाल कोणाला विचारायचा?

आपण उलट विचारायचं, “साहेब, फारेस्ट आमच्या गावात कधी आलं?” त्याचं उत्तर त्यांच्याच कागदात आहे. १९२७ च्या कायद्यात लिहिलं आहे की जंगल राखीव करायचं तर आधी कलम ४ ची अधिसूचना काढायची. मग कलम ६ प्रमाणं आजूबाजूच्या गावांत जाहीर करायचं, आणि लोकांना हक्क सांगायला निदान तीन महिने द्यायचे. ज्यानं दावा केला नाही त्याचा हक्क कलम ९ प्रमाणं संपतो. मग कलम २० ची शेवटची अधिसूचना. आता सांगा, ज्या गावात एकही माणूस वाचणारा नव्हता त्या गावात तीन महिन्यांत दावा कोणी लिहिला असेल? आपले आजे अतिक्रमण करायला जंगलात शिरले नाहीत. ते घरातच होते. जंगलाची रेघ रात्रीतून त्यांच्या घरावरून गेली. सकाळी ते आपल्याच वावरात अतिक्रमणवाले झाले. झुडपी जंगलाचंही तेच. गावाचं गुरचरण, सरपण आणायची जागा, पडीक वावर, सगळ्याला कागदावर झुडपी जंगल लिहिलं, आणि १९८० चा वनसंवर्धन कायदा आला तसं तिथं नांगर घालणं गुन्हा झालं.

काही जण आम्हांला विचारतात, तुमच्यातलेही काही यवतमाळकडून, काही छिंदवाड्याकडून आले ना? आले. दुष्काळात आले, लग्नानं आले, मालगुजारानं वेठीला आणले, अभयारण्यातून उठले म्हणून आले. आदिवासी म्हणजे पाय न हलवलेला माणूस नाही. रानातून रानात हिंडणाऱ्याला सरकारनं रेघा मारून अडवलं, आणि आता एका जागेचा शंभर वर्षांचा कागद मागतं.

आणखी एक शब्द हल्ली फार ऐकू येतो, भूमिपुत्र. शहरात तो शब्द कोणाला तरी बाहेर काढायला वापरतात. आपल्या गावात महार, गोवारी, ढीवर, गवळी आहेत. त्यांच्यातल्या गरिबाकडंही सातबारा नाही, त्यालाही नाकेदार तसाच मारतो. आदिवासी म्हणताना आपण त्याला परका म्हणत नाही. कोणाला काढायला आपण हा शब्द घेतलेला नाही. आपल्याला कोणी काढू नये म्हणून घेतला आहे.

आता सरकारचीच दोन वचनं ध्यानात ठेवा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १०७ नंबरचा करार १९५७ चा. त्याच्या अकराव्या कलमात आहे की अशा लोकांची ते परंपरेनं राहतात त्या जमिनीवरची मालकी, एकट्याची असो की गावाची मिळून, मान्य करावी. भारतानं तो १९५८ साली मान्य केला आहे. म्हणजे परदेशात ‘इथं हा प्रश्नच नाही’ म्हणणाऱ्या सरकारनं तेव्हाच सही करून ठेवली आहे. १९८९ साली १६९ नंबरचा नवा करार झाला. त्यात आणखी पुढचं आहे, की लोक स्वतःला कोण समजतात हे महत्त्वाचं धरावं. त्यावर भारताची सही अजून नाही. ती मागायची.

दुसरं वचन घरचं. महाराष्ट्र सरकारनं डिसेंबर १९७८ मध्ये निर्णय काढला, की ३१ मार्च १९७८ पर्यंतची वनजमिनीवरची वहिती कायम करू. केंद्रानं १८ सप्टेंबर १९९० ला परिपत्रकं काढली, त्यांत जुनी वहिती, पट्ट्यांचे वाद आणि वनग्रामांना महसुली गाव करणं, हे सगळं आहे. पण गावात विचारा, किती जणांना पट्टा मिळाला? कागद नाही म्हणून दावे पडतात. म्हणून आपण कागद गोळा करायचा आणि कागदाच्या पलीकडचंही गोळा करायचं.

शिबिरात ठरलेली कामं सांगतो आणि थांबतो.

एक. दंडाची जुनी पावती कोणी फाडू नका, चुलीत घालू नका. तिच्यावर साल आहे, जागा आहे. ज्यांनी गुन्हेगार म्हणून लिहिलं त्यांनीच साक्ष देऊन ठेवली आहे की त्या साली तुम्ही तिथं होता. पण अर्जात लिहा, “या सालापासून नव्हे, या सालाच्याही आधीपासून.”

दोन. पटवाऱ्याकडून गाव नमुना एक-ई ची नक्कल घ्या. निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज तहसिलीत असतं, तेही मागा. त्यात गावाचे चराईचे, लाकडाचे, मोहाचे हक्क लिहिलेले असतात.

तीन. आपल्या गावच्या जंगलाची अधिसूचना कोणत्या सालची, ते लेखी विचारा. ते साल गावाच्या चावडीवर मोठ्या अक्षरांत लिहा. त्याच्या आधी गावात कोण कोण राहत होतं, म्हाताऱ्या माणसांना बसवून तीन पिढ्यांची नावं लिहून घ्या. म्हातारी माणसं आहेत तोवरच हे होईल. पेनठाणा, माती दिलेल्या जागा, गोंडीत नाव असलेले नाले आणि टेकड्या, आजानं जपलेली मोहाची झाडं, सगळं नकाशावर टाका.

चार. कोणत्याही अर्जात ‘मी अतिक्रमण केले आहे’ या वाक्याखाली अंगठा देऊ नका. छापील अर्जात ते असेल तर खोडून वर लिहा, “आम्ही या जंगलाचे कायद्याच्या आधीपासूनचे रहिवासी आहोत.”

आता काल रात्रीच्या आईला उत्तर.

आई, घरात तू कोयतूर आहेस, ते नाव कोणी दिलं नाही आणि कोणी काढू शकत नाही. दाखल्यावर तू अनुसूचित जमात आहेस, तो दाखला पेटीत जपून ठेव. वनवासी कोणी म्हटलं तर भांडू नको, फक्त विचार की मग वन कोणाचं? मूलनिवासी जगभरच्या आपल्यासारख्या लोकांनी घेतलेलं नाव आहे, त्यांच्याशी आपली सोयरीक आहे. आणि मोर्च्यात, अर्जात, सभेत तू आदिवासी आहेस, कारण कोलाम, कोरकू, भिल्ल, वारली, कातकरी सगळ्यांना तुझ्या शेजारी उभं करणारा दुसरा शब्द आज आपल्याजवळ नाही.

पाचवं नाव तेवढं घेऊ नको, अतिक्रमणवाली. ते तुझं नाव नाही.

जय सेवा. जोहार.